दस्तुर खुद्द

आपल्या सार्वजनिक जीवनात अलीकडे एक नवीन सभ्यता शिरली आहे आणि ती मला मुळीच मानवत नाही. ग्रामसभेपुढचा अर्ज असो, पाणीवापर संस्थेला दिलेले निवेदन असो, सोसायटीच्या वार्षिक सभेतला आक्षेप असो, की गावच्या व्हॉट्सॲप गटावर पेटलेला वाद असो. काल-परवापर्यंत ज्यांना चार ओळी लिहिताना घाम फुटत होता ते गृहस्थ आज चार-चार पाने सहज लिहीत आहेत. भाषा शुद्ध, ऱ्हस्व-दीर्घ चोख, शिवी औषधालासुद्धा नाही. परिच्छेदागणिक ‘सर्वसमावेशक’, ‘शाश्वत’ आणि ‘समतोल’ यांची पेरणी. एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या दोन पक्षांची निवेदने शेजारी-शेजारी ठेवावीत, तर ती जुळ्या भावांसारखी दिसतात! दिसणारच, दोन्ही एकाच यंत्राच्या पोटची आहेत. चॅट-जीपीटी म्हणा, जेमिनी म्हणा, नाव काही का असेना. त्याला आपण दोन वाक्ये सांगायची, त्याने चाळीस परत द्यायची, आणि खाली आपण सही ठोकायची, असा हा व्यवहार आहे.

यंत्राकडून लिहून घेतले याला माझी हरकत नाही. हे प्रथमच सांगून ठेवतो, कारण एरवी ‘म्हाताऱ्याला नवे काही सोसत नाही’ असे म्हणून माझा निकाल लावणे सोपे जाईल. माझी हरकत आहे ती सहीशेजारच्या मोकळ्या जागेला. तिथे आणखी एक ओळ हवी होती: मजकूर कोणाचा आणि लेखणी कोणाची. ती ओळ आपण गाळतो, आणि वर त्या गाळण्यालाच चातुर्य समजतो.

मी ज्या जिल्ह्यात राहतो त्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. जुन्या माणसांच्या तोंडी अजून नगरच बसले आहे. या जिल्ह्याला तरी हा प्रश्न नवा वाटायचे कारण नाही. प्रवरेच्या काठी नेवासे येथे ज्ञानेश्वरांनी गीतेवरची टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती उतरून घेतली, हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. ग्रंथाच्या प्रचलित प्रतींच्या अखेरीस शके १२१२ ची, म्हणजे इसवी सन १२९० ची, जी नोंद आहे ती मात्र आपण नुसती म्हणतो, वाचत नाही. टीका कोणी केली त्याचे नाव तीत वेगळे आहे, आणि ‘लेखकु’ कोण झाला त्याचे वेगळे. लेखक म्हणजे तिथे लिहून घेणारा, रचणारा नव्हे. एका ग्रंथाला दोन माणसांचे हात लागले, तर दोघांची नावे, ज्याचे जे काम त्यासकट. आज ‘लेखक’ या एका शब्दात आपण दोघांनाही कोंबले आहे आणि आता तिसरे यंत्र त्याच शब्दाआड दडू पाहत आहे.

पुढे शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठणच्या एकनाथांनी त्या ग्रंथाच्या पाठभेदांनी बिघडलेल्या प्रती शुद्ध केल्या. त्यांनीही आपण काय केले ते अखेरीस सांगून टाकले, आणि यात कोणी पदरची ओवी घुसडील तर ते अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखे होईल, अशा अर्थाची ताकीद देऊन ठेवली. एकनाथांना ओव्या रचता येत नव्हत्या काय? त्यांचे भागवत उघडून पाहा. पण दुसऱ्याच्या नावावर आपली ओवी खपवायची नाही, आणि आपल्या हातून झालेला बदल लपवायचा नाही, ही मर्यादा त्यांना कळत होती.

संतांची गोष्ट वेगळी, असे कोणी म्हणेल. मग व्यवहारातले कागद घ्या. ज्यांनी जुनी दप्तरे थोडीफार चाळली आहेत त्यांना माहीत आहे, की अक्षर न येणारा कुणबी कागदावर नांगराची निशाणी करी आणि कागद दुसऱ्याने लिहिला असल्यास त्याचे नाव शेजारी येई. स्वतः लिहिले असेल तर ‘दस्तुर खुद्द’. शिवाजीमहाराजांच्या पत्रांच्या अखेरीस मर्यादेची मुद्रा उमटे. तिच्याखाली कोणी एक अक्षर वाढवू नये हा हेतू. आजही पंचनाम्यात आणि जबाबात ‘मजकूर मला वाचून दाखविला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे’ हे वाक्य असते. पुष्कळदा ते खोटे असते, वाचून कोणी दाखवत नाही, हे मलाही माहीत आहे. तरीही त्या वाक्याने एक गोष्ट कबूल केलेली असते: सांगणारा एक, लिहिणारा दुसरा. उद्या तंटा झाला तर लिहिणाऱ्याला बोलावून विचारता येते. गुंठाभर जमिनीच्या कागदाला आपण एवढे जपतो, आणि गावाच्या साऱ्या गायरानाचा निवाडा ज्या कागदांवर होतो त्यांना बाप कोण हे विचारायला लाजतो.

गायरानाचे नाव उगाच काढले नाही. मध्यंतरी एका सभेला मी हजर होतो. गावाचे नाव सांगत नाही. जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यातले आहे, एवढे पुरे. गायरानाचा एक तुकडा सौरऊर्जेच्या प्रकल्पाला द्यायचा की नाही, हा विषय. हरकतींचे तीसेक अर्ज आले होते आणि त्यांत एका धनगर आजींचा अर्ज होता. दोन पाने, सुबक छापलेली. ग्रामसेवकांनी (सरकारी भाषेत आता ते ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झाले आहेत, गावाला अजून कळवायचे आहे) तो वाचायला घेतला. ‘पशुधनाधारित उपजीविकेवरील संभाव्य विपरीत परिणाम’, ‘पर्यावरणीय समतोल’, ‘सर्व हितसंबंधीयांशी सल्लामसलत’. सभेत हसू पिकू लागले. ग्रामसेवकांनी विचारले, “आजी, हितसंबंधीय म्हणजे कोण हो?”

“मला काय ठावं बाबा? नातवानं फोनला सांगितलं, फोननं लिव्हलं.”

मग काय, हशाच हशा! “तुमचाच अर्ज तुम्हाला माहीत नाही, मग सभेनं काय समजायचं?” असे म्हणून तो कागद बाकीच्या गठ्ठ्यात गेला. पुढचा अर्ज.

सभा उठल्यावर मी आजींना पारावर गाठले. तुमची हरकत तरी काय होती, म्हणून विचारले. ती अशी होती. त्या तुकड्यामधून एक गाडीवाट जाते. मेंढरांना ओढ्यावर पाण्याला न्यायची तीच वाट. दुसरीकडून न्यावीत तर लोकांच्या उभ्या पिकातून जावे लागते आणि मग काठ्या निघतात. मागे एकदा निघाल्याही होत्या. तारेचे कुंपण पडले की वाट बंद. “वाट तेवढी सोडा म्हनावं. बाकी सूर्य काय आमच्या बापाचा हाय?” प्रकल्पाला त्यांचा विरोधदेखील नव्हता! नातवाने फोनला बहुधा ‘गायरान प्रकल्पाला हरकत, आमच्या मेंढ्या आहेत’ एवढेच सांगितले असावे. बाकीचे यंत्राने आपल्या पदरचे घातले. दोन पानांत जगातले सगळे होते. वाट नव्हती.

आता वाचकांनीच विचार करावा. त्या अर्जाच्या तळाशी ‘सांगणार आजी, लिहिणार यंत्र, वाचून दाखविला नाही’ अशी ओळ असती तर काय झाले असते? ग्रामसेवक माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला असता, “कागद राहू द्या आजी, तुम्ही तोंडानं सांगा.” आणि वाट सभेपुढे आली असती. लेखणी लपवल्याने आजींचे अज्ञान झाकले गेले नाही, ते तर चारचौघांत उघडे पडले. झाकले गेले ते त्यांचे ज्ञान, जे त्या सभेत दुसऱ्या कोणापाशीच नव्हते. माझे म्हणणे मुळात एवढेच आहे. यापुढचे केवळ प्रतिपक्षासाठी लिहितो.

प्रतिपक्ष माझ्या मित्रमंडळींतच आहे. एक निवृत्त प्राध्यापक आहेत, त्यांचा प्रश्न असा: “अहो, बोरू काय, टंकलेखनयंत्र काय आणि हे काय! ‘हे पत्र बोरूने लिहिले’ असे तुम्ही कधी लिहिलेत?” नाही लिहिले, कारण बोरूने माझ्या वाक्यात आपला शब्द कधी घातला नाही. मी वाट म्हटले की तो वाटच लिही. ज्या दिवशी बोरू ‘हितसंबंधीय’ लिहू लागला त्या दिवशी तो बोरू राहिला नाही, कारकून झाला, आणि कारकुनाचे नाव आपण शतकानुशतके लिहीत आलो आहोत. शुद्धलेखन तपासून घेतले, एखादा शब्द विचारला, तर त्याची दवंडी पिटावी असा माझा हट्ट नाही. भर सभेत अर्थ विचारला तर जो शब्द आपल्याला सांगता येणार नाही, तो आपला नव्हे. सीमा मी तिथे आखतो.

दुसरा आक्षेप एका तरुण कार्यकर्तीचा, आणि तो असा हातावेगळा करता येत नाही. ती म्हणाली, “काका, ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षर नाकारले त्यांना आज पहिल्यांदा साहेबाच्या भाषेत साहेबाला उत्तर देता येते आहे. आणि तुम्ही त्यांच्याच कागदावर ‘यंत्राने लिहिले’ असा शिक्का मारायला निघालात! ज्याच्या पदरी वकील आहे त्याला विचारता का, की हे तुझे तू लिहिलेस का?” हा आक्षेप उशाशी घेऊन मी दोन रात्री झोपलो. त्यात तथ्य आहे. मुकाट बसणाऱ्या बाईला यंत्राने चार वाक्ये दिली तर मी त्या यंत्राला दुवाच देईन. पण वकिलाचे उदाहरण तिच्याच अंगावर येते. वकिलाची नोटीस वकिलाच्या नावाच्या कागदावर येते आणि ‘माझे अशील यांच्या सांगण्यावरून’ असे म्हणते. पैसेवाला आपली लेखणी लपवत नाही, मिरवतो! गरिबाने तेवढी लपवावी असे का? नांगराच्या निशाणीची लाज कुणब्याला वाटत नव्हती. ती निशाणी होती म्हणूनच दुसऱ्याने लिहिलेला कागद त्याचा ठरत होता.

तिच्या म्हणण्यातले एवढे मात्र मी घेतो, की सुरुवात तळापासून होऊ नये. पहिली ओळ सरपंचांनी लिहावी. मग आमदारसाहेबांनी आपल्या शुभेच्छापत्राखाली, कंपनीच्या प्रतिनिधीने आपल्या सादरीकरणाखाली, आणि हो, आमच्यासारख्या लेखकांनी आपल्या लेखाखाली. (हा लेख दस्तुर खुद्द आहे; अक्षर लागत नाही म्हणून जुळारी करवादले, त्यावरून खात्री पटावी.) थोरामोठ्यांना याचे वावडे असायचे कारण नाही. नगरच्या भुईकोट किल्ल्यात बंदी असताना नेहरूंनी १९४४ साली ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले, तेव्हा मौलाना आझाद, पंत, नरेंद्र देव, असफ अली या सोबतच्या बंदिवानांशी झालेल्या चर्चेचे ऋण त्यांनी प्रस्तावनेत नावानिशी नोंदवले. त्याने पुस्तक नेहरूंचे राहिले नाही असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

तिसरा आक्षेप तत्त्वज्ञांचा: मुद्दा पाहा, माणूस कशाला पाहता? गणिताच्या पुस्तकात हे चालेल. सभेत चालत नाही. आमच्याच नगर तालुक्यातले हिवरे बाजार घ्या. पोपटराव पवारांच्या पुढाकाराने तिथे जे झाले ते आता साऱ्या देशाला ठाऊक आहे. झाडे, बांध, पाझर तलाव यांचे फोटो सर्वांनी पाहिले आहेत. मला त्याहून मोठी वाटते ती तिथली ग्रामसभा. पाऊस मोजायचा, पाण्याचा ताळेबंद सभेपुढे ठेवायचा, आणि त्यावरून यंदा कोणती पिके घ्यायची ते ठरवायचे. उसासारख्या तहानलेल्या पिकाला फाटा द्यायचा, शेतीसाठी कूपनलिका खणायची नाही. असा ठराव जेव्हा होतो तेव्हा हात वर करणाऱ्या प्रत्येकाची विहीर त्या हाताला बांधलेली असते. ‘मी ऊस लावणार नाही’ या वाक्याचे वजन व्याकरणात नाही. ते ज्याची जमीन आहे त्याने म्हटले यात आहे. यंत्राला विहीर नाही. ते ऊस सोडायलाही तयार, लावायलाही तयार. दोन्ही बाजूंनी तितकेच गोड लिहील. त्याचा कागद माणसाचा म्हणून सभेत आणणे म्हणजे खोटे नाणे चलनात सोडणे आहे, मग त्यावरचा छाप खऱ्याहून सुरेख का असेना.

आणि खोटी नाणी मोजली तर किती भरतात, याचा हिशेब अमेरिकेत झाला आहे. २०१७ साली तिथल्या दूरसंचार आयोगाने इंटरनेटच्या नियमांवर लोकांची मते मागवली. दोन कोटी वीस लाखांवर मते आली. लोकशाहीचा केवढा जयजयकार! न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलच्या कचेरीने तपास करून २०२१ साली अहवाल दिला, त्यात सुमारे एक कोटी ऐंशी लाख मते बनावट निघाली. सत्त्याहत्तर लाख एकोणीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने संगणकाकरवी धाडलेली. पंच्याऐंशी लाखांच्या आसपास ब्रॉडबँड कंपन्यांनी पैसे मोजून चालवलेल्या मोहिमेतली, कितीतरी लोकांच्या नावे त्यांना न विचारता घातलेली. तेव्हा यंत्र आजच्याइतके वाक्पटूही नव्हते. जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत हरकतींचे गठ्ठे उद्या कोणत्या वजनाने तोलायचे, हा विचार कोणी सुरू केला असेल तर मला माहीत नाही.

“पण पकडणार कसे?” हा शेवटचा, आणि बराच विजयी स्वरात विचारला जाणारा प्रश्न. पकडणार नाही. पकडण्याचे खात्रीचे साधनच नाही. चॅट-जीपीटी ज्यांनी काढले त्या ओपनएआयने यंत्राचा मजकूर ओळखणारे एक साधन जानेवारी २०२३ मध्ये पुढे आणले आणि त्याची अचूकता फार कमी म्हणून त्याच वर्षी जुलैत मागे घेतले. करणाऱ्यालाच आपले मूल ओळखता येईना, तिथे ग्रामसेवक काय ओळखणार? उलट मला भीती आहे ती संशयाची. गावातली एखादी पोर मन लावून चांगले मराठी लिहील आणि चार टगे म्हणतील, “हे तिचं नव्हंच, फोनचं आहे.” सगळेच लपवू लागले की खरे लिहिणाऱ्याची पतही त्यांच्यासोबत बुडते. म्हणून मी दंड मागत नाही, तपासणी मागत नाही. रीत मागतो. खोटे बोलणारा खोटे बोलेलच. पण आज त्याला खोटे बोलावेसुद्धा लागत नाही, कारण विचारतच कोणी नाही. विचारले की निदान त्याला डोळ्याला डोळा भिडवून ‘दस्तुर खुद्द’ म्हणावे लागेल, आणि खेड्यात ते सोपे नसते.

युरोपीय संघाने २०२४ साली केलेल्या कायद्यात, सार्वजनिक हिताच्या बाबींवर लोकांना माहिती देण्यासाठी प्रसिद्ध होणारा यंत्रनिर्मित मजकूर तसा जाहीर करावा, अशी तरतूद आहे. मात्र माणसाने तो तपासला असेल आणि कोणी त्याची संपादकीय जबाबदारी घेतली असेल तर सूट. ही सूट मला पसंत नाही. ‘तपासले’ म्हणजे काय, ते आपल्याकडच्या ‘वाचून दाखविला’ या वाक्याने आपल्याला पुरते शिकवले आहे.

हे सारे अर्जदारांपुरते असते तर मी इतका तापलो नसतो. यंत्र आता सभेच्या दप्तरातच येऊन बसत आहे. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाने १४ ऑगस्ट २०२५ रोजी ‘सभासार’ नावाचे साधन सुरू केले. ग्रामसभेचे ध्वनिमुद्रण किंवा चित्रमुद्रण त्याला द्यायचे, की ते इतिवृत्त तयार करून देते. ‘भाषिणी’ या सरकारी भाषा-यंत्रणेवर ते उभे आहे आणि मराठीही त्यात आहे. सोय मोठी आहे, नाकारत नाही. दोन-दोन गावे सांभाळणाऱ्या ग्रामसेवकाला इतिवृत्त लिहायला सवड कुठली? शिवाय ‘चर्चेअंती सर्वानुमते मंजूर’ हे वाक्य कोणत्या यंत्राने शोधले नाही. डोकी फुटलेल्या सभांची इतिवृत्ते याच तीन शब्दांत आटोपण्याची कला आपल्या माणसांनीच सिद्धीस नेली आहे. परंतु त्या तीन शब्दांखाली एका माणसाची सही होती. त्याला दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर धरून “माझे म्हणणे का गाळलेस?” असे विचारता येत होते. यंत्राने गाळले तर कोणाला धरायचे? आजी तोंडाने बोलल्या असत्या, आणि त्यांचे ‘वाट सोडा’ हे सारांश करणाऱ्याला किरकोळ वाटले असते, तर?

तेव्हा इतिवृत्ताखालीही ती ओळ हवीच: यंत्राने तयार केले, अमुक यांनी मुद्रणाशी ताडून पाहिले, अमुक ठिकाणी बदल केला. मूळ मुद्रण ग्रामपंचायतीत जपून ठेवलेले हवे, आणि मागेल त्या गावकऱ्याला ते ऐकायला मिळाले पाहिजे. पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करण्यापूर्वी ते मोठ्याने, सगळेच्या सगळे वाचले गेले पाहिजे, हसू आले तरी.

पुढची ग्रामसभा येतेच आहे. ठरावाचा मसुदा देऊन ठेवतो: ‘या सभेपुढे येणाऱ्या प्रत्येक लेखी मजकुराखाली सांगणार कोण, लिहिणार कोण, आणि सांगणाराला तो वाचून दाखविला की नाही, या तीन गोष्टी नमूद असाव्यात. इतिवृत्त यास अपवाद नाही.’ सूचक व अनुमोदक यांच्या जागा मोकळ्या सोडल्या आहेत; ज्या गावी हा अंक पोहोचेल तिथल्या वाचकांनी आपापली नावे घालावीत.